चोडणच्या फेरीवरून तरंगत्या शहराकडे

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रोजच्या वाटेतली. सकाळच्या घाईत कोण कशाला बघतो म्हणा, पण एकदा कठड्याला टेकून नीट बघा. पहिली मोटार रॅम्पवर चढते तेव्हा फेरीचं तोंड किंचित खाली जातं. मोटार मधे सरकली की फेरी पुन्हा सपाट. खलाशी हात हलवून सांगत असतो, ही गाडी उजवीकडे घे, ती स्कूटर मागे लाव. त्याला आर्किमिडीज कुणी शिकवलेला नसतो, पण वजन कुठे ठेवलं म्हणजे काय होतं हे त्याच्या पायांना कळत असतं.

मंडळाच्या गेल्या बैठकीत मी समुद्रावरच्या तरंगत्या शहरांवर बोललो. भौतिकशास्त्राचा मास्तर मराठी वाङ्मय मंडळात काय करतोय, असं मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलंच. त्याचं उत्तर पुढे येईल. आधी प्रश्न समजून घेऊ. फेरी आपल्याला पाच-दहा मिनिटं तोलून धरते. तिच्यावरच घर बांधून पन्नास वर्षं राहायचं ठरवलं तर काय काय लागेल? जगात काही शहाणी माणसं हे गंभीरपणे विचारत आहेत, कारण पाणी चढतंय. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. अलीकडे हा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर गेला आहे. आपण धूर वाढवतच राहिलो तर शतकाच्या शेवटी पाणी एक मीटरपर्यंतही चढलेलं असू शकेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पेटीचं गणित

काँक्रीट पाण्यात बुडतं, मग त्याचं शहर तरंगतं कसं? स्टीलचा रिकामा डबा झाकण लावून बादलीत सोडा, तरंगेल. तोच डबा ठोकून त्याची गोळी केलीत तर तळाला जाईल. लोखंड तेवढंच, फरक आतल्या हवेचा. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. तरंगतं शहर म्हणजे असे काँक्रीटचे किंवा पोलादाचे मोठमोठे पोकळ डबे एकमेकांना जोडलेले.

चला, एक डबा आपणच बांधू. लांबी २० मीटर, रुंदी २०, उंची ३. भिंती, तळ, माथा, आतल्या आडभिंती धरून साधारण ३०० घनमीटर काँक्रीट लागेल. सळ्यांसकट त्याचं वजन ७५० टन. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड, एका घनमीटरला १०२५ किलो. भागाकार केला की डबा १.८३ मीटर बुडून थांबतो. आता त्याच्यावर दुमजली घरं बांधू, २०० टनांची. डबा आणखी अर्धा मीटर खाली जातो. पाण्याच्या वर उरतात फक्त ६८ सेंटिमीटर. म्हणजे चांगली जाडजूड पेटी बांधूनही शेवटी गुडघ्याच्या थोडं वर येईल एवढीच कड शिल्लक राहते.

हे आकडे वहीत मांडून बघा, कारण पुढची गंमत त्यावर आहे. या डब्याला एक सेंटिमीटर खाली ढकलायला ४.१ टन लागतात. घरात लग्न निघालं, ३०० माणसं जमली, माणशी ६० किलो धरू. झाले १८ टन. सगळा डबा साडेचार सेंटिमीटर खाली जाईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण रात्री फटाके सुटले आणि सगळे वऱ्हाडी एकाच कडेला धावले तर? तेवढ्याच वजनाने ती कड जवळजवळ १७ सेंटिमीटर खाली जाईल, समोरची वर उचलली जाईल आणि पंगतीत वाढलेलं सार पानाबाहेर वाहायला लागेल. फेरीवरचा खलाशी हेच सांभाळत असतो.

म्हणूनच असल्या शहरांच्या आराखड्यांत उंच मनोरे नसतात. वजन जितकं खाली आणि पाया जितका रुंद, तितका तोल पक्का. २०१९ मध्ये डेन्मार्कचे वास्तुविशारद ब्यार्के इंगल्स यांच्या कचेरीने 'ओशनिक्स' या कंपनीसाठी दहा हजार वस्तीच्या शहराचा आराखडा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला, त्यात कुठलीच इमारत सात मजल्यांवर नव्हती. वाऱ्याला ती उंची पुष्कळ झाली.

आडभिंती मी उगाच घातल्या नाहीत. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराजवळ वॉशिंग्टन सरोवरावर १९४० पासून पोकळ काँक्रीटच्या पेट्यांवर तरंगणारा पूल होता. पन्नास वर्षं त्याच्यावरून गाड्या धावल्या. १९९० च्या नोव्हेंबरात दुरुस्ती चालू असताना पेट्यांची तोंडं उघडी राहिली, त्यात वादळ आलं, पाणी आत शिरलं आणि पुलाचा मोठा भाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तळाला गेला. चूक हिशोबात नव्हती, उघड्या राहिलेल्या झाकणांत होती. शहरात अशी झाकणं हजारो असतील आणि ती कुणीतरी रोज बघायला हवीत.

लाट आणि गंज

आणखी एक गोष्ट चित्रं बघताना लक्षात येत नाही. 'समुद्रावरची शहरं' म्हणतात ती बहुतेक सगळी खऱ्या खुल्या समुद्रात नाहीतच. कोणी बंदराच्या आत, कोणी प्रवाळाच्या कड्याने अडवलेल्या उथळ पाण्यात, नेदरलँड्समधली तर कालव्यात आणि तळ्यात. ॲम्स्टरडॅमची तरंगती वस्ती किंवा मासबोमेल गावची पुराबरोबर वर उचलली जाणारी घरं बघायला फार छान. घर उभ्या खांबांना कड्यांनी अडकवलेलं असतं, पाणी चढलं की ते खांबावरून वर सरकतं, उतरलं की खाली बसतं. पण तिथे अरबी समुद्राचा जून महिना नसतो.

खुल्या समुद्रात मोठा तरंगता पृष्ठभाग कडक राहत नाही. जपानने १९९० च्या दशकात योकोसुकाजवळ एक किलोमीटर लांबीची तरंगती धावपट्टी बांधून बघितली आणि तिच्यावर लहान विमानं उतरवली. एक किलोमीटर लांब आणि फक्त तीन मीटर जाड. फारच सडपातळ प्रमाण हे! खालून लाट गेली की असली पट्टी झटकलेल्या सतरंजीसारखी वाकते. म्हणून तीसुद्धा उपसागराच्या आडोशाला ठेवावी लागली.

लाटेपेक्षा चिवट शत्रू म्हणजे मीठ. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. किनाऱ्याजवळच्या कुठल्याही जुन्या स्लॅबच्या घरात छताचे पोपडे निघून आतल्या तांबूस सळ्या दिसतात. मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये खुला झाला आणि १९८६ च्या जुलैत कोसळला. खाऱ्या हवेने गंजलेलं पोलाद हे त्याचं एक कारण मानलं जातं. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यानंतर पणजीला जायला पुन्हा फेरीच्याच रांगेत उभं राहावं लागलं होतं. सोळा वर्षांत पुलाची ही गत, तर ज्याचा अर्धा देह कायम खाऱ्या पाण्यात, त्या घराचं आयुष्य किती धरायचं? जमिनीवरचं घर जुनं झालं तरी खालची जमीन नातवाला उरते. तरंगत्या घराचं होडीसारखं आहे, दरवर्षी डागडुजी, आणि शेवटी भंगार.

भंगार हा शब्द मी विचार करून वापरला. १९५८ च्या सुमारास कियोनोरी किकुताके हा जपानी वास्तुविशारद समुद्रावरच्या शहरांची चित्रं काढू लागला. १९६० मध्ये केन्झो तांगे यांनी टोकियोच्या उपसागरावर अख्खं शहर पसरवण्याची योजना मांडली. त्याच दशकात अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलर यांनी पाच हजार वस्तीच्या तरंगत्या शहराचा नमुना केला. यातलं जवळजवळ सगळं कागदावर राहिलं. किकुताकेंचं एक स्वप्न मात्र खरंच पाण्यावर आलं, ओकिनावाच्या १९७५ च्या सागरी प्रदर्शनातला 'अ‍ॅक्वापोलिस', १०० मीटर लांब आणि तितकाच रुंद. लाखो लोक बघायला गेले. प्रदर्शन संपलं, गर्दी ओसरली, देखभालीचा खर्च उरला. २००० साली तो ओढत शांघायला नेला आणि मोडीत काढला.

पाण्याचं आणि विजेचं फार लोक विचारतात, ते मला त्या मानाने सोपं वाटतं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरलं आणि समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरला साडेतीन युनिट वीज धरली, तर माणशी अर्धं युनिटसुद्धा लागत नाही. छपरावरच्या सौर पट्ट्या तेवढी सहज देतील. अवघड आहे ते वापरून झालेल्या पाण्याचं. नगरपालिकेचं गटार खाली नाही, खाली मासे आणि प्रवाळ आहेत. कचऱ्याचंही तेच. मालदीवची राजधानी माले हिच्याजवळ थिलाफुशी नावाचं बेट आहे, १९९० च्या दशकापासून राजधानीचा कचरा टाकून टाकून वाढवलेलं. शहर पाण्यावर असलं तरी कचऱ्याला जमीन लागतेच.

कुणासाठी?

मालदीवचं नाव आलंच आहे तर तिथे थोडं थांबू. जवळजवळ बाराशे बेटांचा देश, त्यातली ८० टक्के जमीन समुद्रापासून एक मीटरही वर नाही. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिमंडळाला पाणबुड्यांचे पोशाख घालून समुद्राच्या तळाशी बैठक घ्यायला लावली ती जगाला हे दाखवायला. तरंगत्या शहराची गरज कुणाला असेल तर यांना.

तिथे सरकार आणि एक डच कंपनी मिळून माले शहरापासून होडीने दहा मिनिटांवर, प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यात पाच हजार घरांचं, वीस हजार वस्तीचं शहर बांधायचं ठरलं. आराखडा डच वास्तुविशारद कून ओल्थाउस यांचा. मेंदूच्या आकाराच्या प्रवाळासारखी वळणावळणाची रचना, मधून कालवे, रंगीत घरं. पहिली घरं २०२२ मध्ये दाखवली गेली. चित्र बघून कुणालाही तिथे राहावंसं वाटेल. मग किमती जाहीर झाल्या, लहानात लहान घर दीड लाख डॉलरला. म्हणजे सव्वा कोट रुपयांच्या आसपास! बेटावरच्या कोळ्याने ते घ्यायचं कसं? घर परदेशी माणसांनाही विकत घेता येणार, असं आधीच सांगितलेलं होतं.

मालदीवच्या सामान्य माणसांसाठी सरकारने दुसराच मार्ग धरला, १९९७ पासून. समुद्रातली वाळू उपसून, भराव घालून हुलहुमाले नावाचं बेट तयार केलं, समुद्रापासून सुमारे दोन मीटर उंच. भराव घालताना प्रवाळ मरतो, पाणी गढूळ होतं, मला तो मार्ग मुळीच निर्दोष वाटत नाही. पण तिथे शाळा आहेत, दवाखाना आहे, बहुमजली चाळवजा इमारतींत हजारो कुटुंबं राहायला गेली आहेत. बुडणाऱ्या देशाने स्वतःसाठी जमीन केली आणि तरंगतं शहर विकायला काढलं, हे मला या विषयातलं सगळ्यात बोलकं चित्र वाटतं.

दक्षिण कोरियातल्या बुसान बंदरासाठी 'ओशनिक्स'नेच २०२२ मध्ये मांडलेल्या आराखड्यात ६.३ हेक्टरांवर बारा हजार माणसांची सोय दाखवली आहे. हेक्टरी एकोणीसशे! पुलांनी किनाऱ्याला जोडलेले तीन तरंगते तुकडे, खरं तर शहराचंच एक उपनगर.

आता नायजेरियातल्या लागोस शहराची माकोको वस्ती. खाडीच्या पाण्यात लाकडी खांबांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोळी, दारापुढे डोंगी, मुलं डोंगीनेच शाळेला जाणार. सरकारच्या लेखी ती अतिक्रमण. २०१२ मध्ये वस्तीचा काही भाग पाडलाही गेला. तिथे कुन्ले अदेयेमी या वास्तुविशारदाने प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगणारी लाकडी शाळा बांधली, तीन मजली, त्रिकोणी. जगभर तिचे फोटो छापून आले, पुरस्कारांसाठी नाव गेलं. २०१६ च्या जूनमध्ये जोराच्या पावसात ती कोसळली. सुदैवाने आत मुलं नव्हती, शाळा तिथून आधीच हलवली होती. तिचीच सुधारलेली प्रतिकृती त्या वर्षी व्हेनिसच्या प्रदर्शनात रौप्य सिंह जिंकून आली होती. मला त्या वास्तुविशारदाला नावं ठेवायची नाहीत, माकोकोकडे बघणारा तो थोड्यांपैकी एक. पण शाळा बांधायला पैसे मिळाले तसे तिची दोऱ्या-पिंपं दरमहा तपासायला कुणी दिले असते तर, असं वाटत राहतं.

व्हर्नचं बेट

मागच्या बाकावरच्या त्या कुजबुजीचं उत्तर इथे. भा. रा. भागवतांमुळे ज्यूल व्हर्न मराठी घरांत पोचला, पण त्याची १८९५ ची एक कादंबरी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. त्यात प्रशांत महासागरावर फिरणारं पोलादी बेट आहे. त्याच्यावरच्या शहरात फक्त कोट्यधीश राहतात, दोन बाजूंना दोन मोठी यंत्रं, हवं त्या हवेकडे बेट चालवायचं. इंजिनिअरिंगमध्ये कुठेही चूक नाही. पण रहिवाशांत डावीकडचे आणि उजवीकडचे असे दोन तट पडतात, भांडण वाढतं, आणि शेवटी एक यंत्र एकीकडे ओढतं तर दुसरं दुसरीकडे. बेट गरगर फिरतं आणि फाटतं. लाटांना घाबरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे सुचलं नसतं. सव्वाशे वर्षांपूर्वी लेखकाला सुचलं.

समुद्र कुणाचा?

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या देशाचं, दोनशे मैलांपर्यंत मासे आणि खनिजांवर त्याचा हक्क. १९८२ च्या समुद्र-कायद्यात असंही लिहिलं आहे की माणसाने बांधलेल्या बेटाला खऱ्या बेटाचा दर्जा नाही, त्याच्याभोवती स्वतःची हद्द आखता येत नाही. तरीही कुणाच्याच कायद्याखाली नसलेलं पाण्यावरचं राज्य थाटायची हौस काही श्रीमंत अमेरिकनांना २००८ पासून लागली आहे. त्यांच्या संस्थेने २०१७ मध्ये ताहितीच्या बाजूला फ्रेंच पॉलिनेशियाच्या सरकारशी करार केला. तिथल्या लोकांनी विचारायला सुरुवात केली की आमच्या मासेमारीच्या पाण्यात कर न भरणारी माणसं कशाला? २०१८ मध्ये करार संपल्याचं सरकारने सांगून टाकलं. २०१९ मध्ये याच विचाराच्या एका जोडप्याने थायलंडच्या फुकेतपासून बारा मैलांच्या जरा पलीकडे एका खांबावर छोटं तरंगतं घर थाटलं. थायलंडच्या नौदलाने ते ओढून किनाऱ्याला आणलं. जोडपं आधीच निसटलं होतं.

बैठक संपताना तीन प्रश्न आले. तरंगत्या शहरात झाडं लावता येतील का? येतील, पण माती भिजली की जड, म्हणून वड-माडाऐवजी हलकी पिकं. भूकंप झाला तर? खोल पाण्यात त्सुनामीची लाट जेमतेम जाणवते, उथळ बंदरात मात्र दोर तुटतील. तिसरा प्रश्न रापणकाराच्या घरातल्या एका मुलीने विचारला. ट्रॉलरवाल्यांशी भांडून किनाऱ्यालगतचं पाणी मिळवायला तिच्या आजोबांनी सत्तरच्या दशकात आंदोलन केलेलं. ती म्हणाली, "सर, ते शहर आलं की आमचं जाळं कुठे टाकायचं?"

तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे हिशोब देतो. समुद्र-कायद्याप्रमाणे अशा बांधकामाभोवती कडेपासून ५०० मीटरपर्यंत सुरक्षेचा पट्टा राखता येतो. बुसानएवढं, सहा हेक्टरांचं शहर गोल धरा. त्याची त्रिज्या १३८ मीटर. पट्टा मिळवला की ६३८ मीटर. क्षेत्रफळ काढा, १२८ हेक्टर येतं. त्यातून शहराचे ६ वजा केले की उरतात १२२ हेक्टर, जिथे घर एकही नाही आणि जाळंही टाकता येणार नाही. आकडा तिला दिला तेव्हा तिने वहीत उतरवून घेतला आणि संध्याकाळी बाबांना दाखवते म्हणाली.